ऑफेन्सिव्ह लाइनचं मूल्यमापन (अमेरिकन फुटबॉल)

ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे बॉल ज्या टीमकडे आहे तिच्या पुढच्या रांगेत उभे राहणारे पाच धिप्पाड गडी. मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड आणि कडेला दोन टॅकल. साधारणपणे हे पाचही जण पास झेलू शकत नाहीत, बॉल घेऊन पळत नाहीत आणि पॉइंटही करत नाहीत, त्यांचं काम एकच, समोरच्याला अडवायचं. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, क्वार्टरबॅकचे (पास फेकणाऱ्याचे) यार्ड मोजतात, रनिंग बॅकचे (बॉल घेऊन पळणाऱ्याचे) यार्ड मोजतात, किकरने किती लांबून बॉल मारला तेही मोजतात, पण गार्डने दिवसभर काय केलं याचा अधिकृत आकडा जवळपास नाहीच. किती मॅच खेळला, किती स्नॅप (सेंटरने बॉल मागे देऊन सुरू होणारा प्रत्येक डाव) मैदानात होता आणि किती पेनल्टी झाल्या, एवढंच रेकॉर्डवर येतं. त्यातली पेनल्टी तर फक्त चुकांची नोंद. म्हणून ही लाइन चांगली की वाईट हे ठरवायला कोच, स्काउट आणि आकडेवारीवाल्या लोकांनी वेगवेगळे मार्ग काढले, आणि त्यातला प्रत्येक मार्ग कुठेतरी अपुरा पडतो. एकच पद्धत धरून बसणाऱ्याचा निकाल हमखास चुकतो, हे आधीच सांगितलेलं बरं.

काम काय असतं

कामं दोन. पास असेल तेव्हा क्वार्टरबॅकभोवती जागा धरून ठेवायची, तिला पॉकेट म्हणतात, आणि लाइनमन मागे सरकत सरकत समोरून धावून येणाऱ्याला थोपवतो. रन असेल तेव्हा उलटं, पुढे घुसून समोरच्याला हलवायचं आणि रनिंग बॅकसाठी फट पाडायची. एकात तोल आणि हात लागतात, दुसऱ्यात कंबर आणि पाय, आणि एकात उत्तम असलेला माणूस दुसऱ्यात बेताचा असणं अगदी कॉमन आहे, त्यामुळे दोन्हीचे मार्क वेगळे द्यावे लागतात. जुन्या आणि नव्या खेळाडूंची तुलना करताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १९७८ मध्ये नियम बदलले आणि ब्लॉक करताना, म्हणजे समोरच्याला अडवताना, हात लांब करायची, पंजे उघडे ठेवायची मोकळीक मिळाली. त्याआधीच्या लाइनमनला पास अडवणं किती अवघड होतं ते आजच्या आकड्यांवरून कळणारच नाही.

सॅकचा आकडा

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा आकडा म्हणजे सॅक, म्हणजे क्वार्टरबॅकला बॉल फेकायच्या आत लाइनच्या मागेच पाडणं. बचाव करणाऱ्या खेळाडूच्या नावावर सॅक अधिकृतपणे १९८२ पासून लागायला लागला, पण तो कुणाच्या चुकीमुळे झाला हे अधिकृत नोंदीत आजही नसतं. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स ही टीम नवीन होती, त्यांचा क्वार्टरबॅक डेव्हिड कार त्या एका सीझनमध्ये ७६ वेळा सॅक झाला, हा एनएफएलचा रेकॉर्ड आहे, आणि लाइन कच्ची होती हे कुणी नाकारत नाही. उलट २००९ मध्ये इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग अख्ख्या सीझनमध्ये फक्त १० वेळा सॅक झाला. मग इंडियानापोलिसची लाइन ह्यूस्टनच्या सातपटीने चांगली होती का? नाही. मॅनिंग स्नॅपच्या आधीच समोरचा डाव ओळखायचा आणि बॉल पटकन हातावेगळा करायचा, अडवायला वेळच कमी लागायचा. जो क्वार्टरबॅक बॉल धरून इकडेतिकडे पळत बसतो तो चांगल्या लाइनच्या नावावरही सॅक चढवतो. सॅक हा लाइनइतकाच क्वार्टरबॅकचा आकडा आहे.

सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो हे याचं गुंतागुंतीचं उदाहरण. २०२१ च्या सीझनमध्ये तो ५१ वेळा सॅक झाला, लीगमध्ये सर्वाधिक. मग प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) टेनेसीविरुद्ध एकाच मॅचमध्ये ९ वेळा, आणि तरी सिनसिनाटी १९–१६ जिंकली. नंतर सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम मॅचमध्ये, लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला ७ वेळा पाडलं आणि ती मॅच २३–२० अशी हातची गेली. लाइन कमजोर होतीच, पण बरोही मोठ्या पाससाठी बॉल धरून ठेवायचा, आणि दोष किती कुणाचा हे नुसत्या ५१ या आकड्यातून कुणालाच काढता येत नाही.

म्हणून आता सॅकपेक्षा प्रेशर मोजतात. यात सॅक येतोच, शिवाय बॉल सुटल्यावर बसलेला धक्का आणि घाईने बॉल फेकायला लावणं हेही येतं. फरक किती पडतो ते फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये दिसलं. कॅन्सस सिटीचे दोन्ही नेहमीचे टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, दुखापतीमुळे बाहेर, आणि गार्ड लॉरां डुव्हर्ने-टार्डिफ हा डॉक्टर असल्यामुळे कोव्हिडच्या काळात सीझनच सोडून रुग्णसेवेत गेलेला. टॅम्पा बेने कॅन्सस सिटीच्या क्वार्टरबॅकच्या, पॅट्रिक माहोम्सच्या, ५६ ड्रॉपबॅकपैकी (पास फेकायला मागे सरकण्यापैकी) २९ वर प्रेशर आणलं, सुपर बोलच्या इतिहासात तोपर्यंत सर्वाधिक. सॅक किती? फक्त ३. स्कोअर ३१–९, कॅन्सस सिटीचा एकही टचडाउन नाही. नुसते सॅक बघणाऱ्याला वाटेल लाइनने बरं काम केलं, आणि ज्याने मॅच बघितली त्याला माहीत आहे की माहोम्स रात्रभर जीव मुठीत घेऊन पळत होता.

फिल्म बघून मार्क देणं

टीमचे कोच आकड्यांवर फारसे विसंबत नाहीत, ते फिल्म बघतात. प्रत्येक स्नॅपला प्रत्येक खेळाडूने ठरलेलं काम केलं का, पायांची ठेवण आणि हातांची जागा बरोबर होती का, शिट्टीपर्यंत ब्लॉक टिकला का, यावर मार्क. बाहेरच्या लोकांना ही सोय उशिरा मिळाली. बावीसच्या बावीस खेळाडू दिसणारी कोचवाली फिल्म एनएफएलने २०१२ मध्ये सर्वसामान्य प्रेक्षकांना पैसे भरून उघडी केली, त्याआधी टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे जायचा आणि लाइन फ्रेमच्या बाहेर राहायची.

बाहेरून मार्क देणाऱ्यांत सगळ्यात प्रसिद्ध प्रो फुटबॉल फोकस. नील हॉर्न्सबी या ब्रिटिश माणसाने हे काम सुरू केलं आणि २०१४ मध्ये माजी खेळाडू व कॉमेंटेटर क्रिस कॉलिन्सवर्थने कंपनीतला मोठा वाटा घेतला. त्यांची पद्धत अशी की प्रत्येक प्लेला उणे २ ते अधिक २ या पट्टीवर, अर्ध्या अर्ध्या मार्काने, ग्रेड द्यायची आणि शेवटी त्याचं ० ते १०० मध्ये रूपांतर करायचं. या ग्रेडवर खेळाडू चिडतात, कोचही चिडतात, आणि त्यांची मुख्य तक्रार रास्त आहे: ग्रेड देणाऱ्याला डावात कुणाला काय काम दिलं होतं ते माहीत नसतं. समजा समोरचे दोघे एकमेकांच्या मागून जागा बदलून घुसले, याला स्टंट म्हणतात. अशा वेळी गार्ड आणि टॅकलने आपापली माणसं अदलाबदल करायची असते, ती झाली नाही आणि एक जण मोकळा सुटला. आता चूक टॅकलची की गार्डची, की सेंटरने स्नॅपच्या आधी चुकीचा कॉल दिला म्हणून दोघंही बिचारे गोंधळले? कधीकधी तर पाचही जणांनी आपलं काम चोख केलेलं असतं आणि रनिंग बॅकने अडवायचा माणूस सुटलेला असतो. बाहेरचा माणूस इथे अंदाजच करणार. तरीही हजारो स्नॅपचा सरासरी अंदाज उपयोगी असतो, कारण अशा चुका सगळ्यांच्या बाबतीत थोड्याफार सारख्याच होतात आणि खरोखर वाईट टॅकल लपत नाही.

चिपवाली मोजणी

खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये चिप बसवून कोण कुठे आहे ते सेकंदाला १० वेळा टिपायची सिस्टिम एनएफएलने गेल्या दशकात आणली, तिचं नाव नेक्स्ट जेन स्टॅट्स. त्या डेटावरून ईएसपीएन या क्रीडा चॅनेलने २०१८ मध्ये पास ब्लॉक विन रेट काढला. प्रश्न साधा आहे, लाइनमनने आपला ब्लॉक अडीच सेकंद टिकवला का? टिकवला तर जिंकला. पुढे काय झालं, क्वार्टरबॅकने किती वेळ बॉल धरला, सॅक झाला की नाही, याच्याशी देणंघेणं नाही. क्वार्टरबॅकचा प्रभाव बाजूला काढायचा इतका स्वच्छ प्रयत्न आधी झाला नव्हता आणि म्हणूनच ही पद्धत महत्त्वाची वाटते. उणीवही आहे. चिपला खांद्याची जागा कळते, हाताची पकड कळत नाही, आणि ज्या गार्डच्या मदतीला सेंटर कायम झुकलेला असतो तो एकट्याने लढणाऱ्या टॅकलपेक्षा भारी दिसू शकतो. २०२३ च्या बिग डेटा बोल या एनएफएलच्या स्पर्धेचा विषयच पास प्लेमधले लाइनमन कसे मोजायचे हा होता, यावरून प्रश्न किती उघडा आहे ते कळतं.

रनचा हिशोब

रनमध्ये श्रेय कुणाचं हा वाद सर्वात जुना. डेन्व्हर ब्रॉन्कोसमध्ये ॲलेक्स गिब्स या लाइन कोचने झोन ब्लॉकिंग बसवलं, त्यात ठराविक माणूस न धरता सगळी लाइन एका दिशेने सरकते आणि वाटेत येईल त्याला घेते. त्यासाठी त्याला तुलनेने हलके, चपळ गडी हवे असायचे. १९९८ मध्ये रनिंग बॅक टेरेल डेव्हिसने २,००८ यार्ड काढले. मग तो जखमी झाला तर १९९९ मध्ये ओलांडिस गॅरीने हजाराच्या वर काढले, २००० मध्ये माइक अँडरसननेही, आणि २००२ मध्ये क्लिंटन पोर्टिस १,५०८. माणसं बदलत गेली, यार्ड येत राहिले. डेव्हिस मोठा खेळाडू होताच, तो हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या मानाच्या यादीत) आहे, पण लाइन आणि पद्धतीचा वाटा मान्य केल्याशिवाय बाकीच्यांचे आकडे समजत नाहीत.

हे श्रेय वाटायचा एक नामी प्रयत्न फुटबॉल आउटसायडर्स या वेबसाइटने केला, त्याचं नाव ॲडजस्टेड लाइन यार्ड्स. रनिंग बॅक मागेच पडला तर त्या तोट्याचा १२० टक्के भार लाइनवर, पहिल्या ४ यार्डांचं पूर्ण श्रेय लाइनला, ५ ते १० यार्डांचं अर्धं, आणि त्यापुढचं काहीच नाही, कारण तिथून पुढे पळणं हे बॅकचं स्वतःचं कसब. टक्के हिशोबापुरते ठरवलेले आहेत हे खरं, पण विचार पटणारा आहे.

एकटा की पाच जण

कबड्डीत साखळी धरलेली असताना एकाचा हात सुटला की चढाईवाला निसटतो, बाकीच्यांची पकड कितीही घट्ट असो, आणि ऑफेन्सिव्ह लाइनचं नेमकं तसंच आहे. पाच जणांची सरासरी काढून लाइन जोखणं चुकीचं, सगळ्यात कच्चा कोण आणि त्याला झाकायला किती मदत खर्च होते ते बघावं.

कॅन्सस सिटीची पुढची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. २०२१ च्या पराभवानंतर त्यांनी पाचच्या पाच जागा बदलल्या. जो थुनी, ऑर्लँडो ब्राउन असे बाहेरून आणले, क्रीड हम्फ्री आणि ट्रे स्मिथ ड्राफ्टमधून (कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून) घेतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स समोर होते, ज्यांनी त्या सीझनमध्ये ७० सॅक केले होते, आणि त्या सुपर बोलमध्ये माहोम्स एकदाही सॅक झाला नाही. कॅन्सस सिटी ३८–३५ जिंकली. दोन वर्षांनी पुन्हा त्याच दोन टीम, पण आता डावा टॅकल धड नव्हता म्हणून थुनीला गार्डवरून तिथे सरकवलेलं. थुनी त्या वर्षीचा ऑल-प्रो गार्ड, म्हणजे आपल्या जागेवर देशात सर्वोत्तम. ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ न करता, म्हणजे मागचे जादा खेळाडू अंगावर न धाडता, फक्त पुढच्या फळीच्या जोरावर माहोम्सला ६ वेळा पाडलं आणि ४०–२२ ने मॅच मारली. एका जागेची अडचण दोन जागांवर पसरली होती.

याच्या उलट टोकाला जो थॉमस. क्लीव्हलंड ब्राउन्सचा डावा टॅकल, २००७ पासून २०१७ मध्ये जखमी होईपर्यंत सलग १०,३६३ स्नॅप, एकही न चुकवता. त्याच्या काळात टीम हरतच राहिली, प्लेऑफची एकही मॅच त्याच्या वाट्याला आली नाही, क्वार्टरबॅक तर इतके बदलले की नावं लक्षात राहत नाहीत. टीमचे सॅक किंवा विजय बघून त्याला जोखलं असतं तर तो सामान्य ठरला असता. फिल्म बघणाऱ्यांनी त्याला ओळखलं आणि २०२३ मध्ये पहिल्याच संधीला तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

कोचिंगचा वाटा वेगळा काढणं सगळ्यात अवघड. ईगल्सचा जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियातून आलेला रग्बी लीगचा खेळाडू, अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच न खेळता २०१८ मध्ये ड्राफ्टच्या सातव्या राउंडमध्ये निवडला गेला, आणि लाइन कोच जेफ स्टाउटलंडच्या हाताखाली लीगमधल्या चांगल्या डाव्या टॅकलपैकी एक झाला. तोच मुलगा दुसऱ्या टीममध्ये गेला असता तर काय झालं असतं हे कुठल्याही ग्रेडमध्ये येत नाही.

ड्राफ्ट आणि सन्मान

कॉलेजमधून येणाऱ्यांची उंची, वजन, हातांची लांबी, ४० यार्डांची धाव, २२५ पाउंडांचा बेंच प्रेस असं सगळं मोजतात. टॅकलचे हात ३३–३४ इंचांपेक्षा कमी भरले की त्याला गार्ड करा अशी चर्चा सुरू होते, यात थोडं तथ्य आहे आणि बरीच सवय आहे. सन्मानांच्या बाबतीत ऑल-प्रो यादीत २०१६ पासून डावा आणि उजवा टॅकल वेगळे निवडतात, ते योग्यच झालं. २०२५ च्या सीझनपासून एनएफएलने खास लाइनमनसाठी नवा पुरस्कारही सुरू केला. ड्राफ्टमधल्या क्रमावर मात्र फार विश्वास ठेवू नये: ईगल्सचा माजी सेंटर जेसन केल्सी २०११ मध्ये सहाव्या राउंडमध्ये निवडला गेला होता, आणि वर उल्लेख आलेला ट्रे स्मिथही सहाव्याच राउंडमधला, फुप्फुसात रक्ताच्या गाठी झाल्या होत्या म्हणून टीम बिचकल्या. २०२५ मध्ये त्याच स्मिथने चार वर्षांसाठी ९.४ कोटी डॉलरचा करार केला.