शिकवण्यावरचे संशोधन हे संशोधन की नुसते चांगले शिकवणे? : पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या जीवशास्त्र विभागांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक वेगळाच प्राध्यापक दिसू लागला आहे. त्याची पीएच.डी. पेशीविज्ञानातली किंवा जनुकशास्त्रातली असते, पण आज तो शोधनिबंध लिहितो ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना नैसर्गिक निवड नेमकी कुठे अडते यावर. त्याच्या बढतीची फाइल समितीपुढे आली की प्रश्न ठरलेला असतो. हे निबंध ‘संशोधन’ या रकान्यात घालायचे की ‘अध्यापन’ या?

१९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक उपग्रह उडाला आणि मागे पडण्याच्या भीतीने अमेरिकेत विज्ञानशिक्षणाकडे पैसा वळला. त्यातून शालेय जीवशास्त्राची पाठ्यपुस्तके नव्याने लिहिली गेली. महाविद्यालयातला वर्ग मात्र होता तसाच राहिला. समोर फळा, शेकडो बाकडी आणि पन्नास मिनिटांचे व्याख्यान.

पुढचा धक्का भौतिकशास्त्राने दिला. १९९२ मध्ये तिथे बलाच्या संकल्पनेवर एक बहुपर्यायी चाचणी तयार झाली. गणिते बिनचूक सोडवणारी मुलेही साध्या भाषेतल्या प्रश्नांवर अडखळतात, हे तिच्यामुळे अनेक प्राध्यापकांना पहिल्यांदा आकड्यांत दिसले. जीवशास्त्रात तशी चाचणी यायला २००२ उजाडले. ती नैसर्गिक निवडीवरची, २० प्रश्नांची. गॅलापागोसचे फिंच, व्हेनेझुएलातले गप्पी मासे आणि कॅनरी बेटांवरचे सरडे अशी प्रत्यक्ष अभ्यासली गेलेली उदाहरणे तिच्यात आहेत. तिचे खरे बळ चुकीच्या पर्यायांत आहे, कारण ते विद्यार्थ्यांच्या मनात मुळातच असलेल्या समजुतींवरून बेतलेले आहेत. ‘चोच बदलण्याची गरज होती म्हणून ती बदलली’ हा पर्याय निवडणारा विद्यार्थी आळशी नसतो. त्याचा विचार कुठे वळतो ते त्या खुणेवरून कळते. असे प्रश्न तयार करायला जीवशास्त्र पक्के लागते आणि मुलाखती घेण्याची, चाचणी पारखण्याची शिस्तही लागते. बढतीच्या वादात नेमकी हीच गोष्ट नजरेआड होते.

वादाचे मूळ एका शब्दात आहे. १९९० मध्ये उच्चशिक्षणावर काम करणाऱ्या एका प्रतिष्ठानाने अहवाल काढून म्हटले की प्राध्यापकाची ‘स्कॉलरशिप’ चार प्रकारची असते : नवा शोध, ज्ञानाची सांगड, ज्ञानाचे उपयोजन आणि अध्यापन. मराठीत स्कॉलरशिप म्हटले की शिष्यवृत्तीच आठवते. इथे अर्थ आहे विद्याव्यासंगाचा, म्हणजे समव्यावसायिकांनी तपासता येईल अशा अभ्यासाचा. हेतू उदात्त होता, अध्यापनाला संशोधनाच्या पंगतीत बसवायचे. पण एकाच शब्दाखाली तीन गोष्टी शिरल्या. मन लावून शिकवणे ही एक. आपल्या वर्गात काय घडले याची पद्धतशीर नोंद करून ती सहकाऱ्यांपुढे मांडणे ही दुसरी. आणि विद्यार्थी कसे शिकतात याविषयी इतर वर्गांनाही लागू पडेल असा निष्कर्ष पुराव्यानिशी काढणे ही तिसरी. समित्यांना हा फरक दिसला नाही. तिसरे काम करणाऱ्यालाही ‘शिकवतात छान’ असा शेरा मिळू लागला. म्हणूनच पुढे ‘विषयाधारित शिक्षणसंशोधन’ हे वेगळे नाव रुळले, आणि २०१२ मध्ये एका राष्ट्रीय पातळीवरच्या अहवालाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ही विभागणी न्याय्य होती, पण तिची किंमत दुसऱ्या गटाला मोजावी लागली. आपल्या वर्गाची प्रामाणिक नोंद ठेवणारा प्राध्यापक आता दोन्ही रकान्यांत कच्चा ठरतो.

हा प्रश्न नुसत्या मानाचा नाही. कॅलिफोर्नियातल्या एका सार्वजनिक विद्यापीठसमूहात अशा विज्ञान-प्राध्यापकांची पाहणी झाली, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ५९ जणांपैकी जवळपास ४० टक्के जण नोकरी सोडण्याचा गंभीरपणे विचार करत होते. शिक्षणसंशोधनाचे रीतसर प्रशिक्षण अनेकांना मिळालेले नव्हते, आणि विभागाची अपेक्षा मात्र अध्यापन, संशोधन, शिक्षक-प्रशिक्षण असे सगळे एकट्याने ओढावे अशी.

या क्षेत्रातले चांगले काम कसे असते, याचा नमुना २००९ चा. जनुकशास्त्राच्या वर्गात क्लिकरवर, म्हणजे बटण दाबून उत्तर नोंदवण्याच्या हातातल्या छोट्या यंत्रावर, प्रश्न विचारला जायचा. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याशी चर्चा करून त्याच प्रश्नाचे पुन्हा. शंका उघड होती : हुशार शेजाऱ्याचे उत्तर मुले नुसती उचलत असतील. म्हणून तीच संकल्पना तपासणारा, पण वरून वेगळा दिसणारा दुसरा प्रश्न लगेच एकट्याने सोडवायला दिला. अशा १६ जोड्या वापरल्या. चर्चेनंतर दुसऱ्या प्रश्नावरही उत्तरे सुधारली, आणि ज्या गटांत सुरुवातीला कुणालाच उत्तर येत नव्हते अशा ठिकाणीही सुधारणा झाली असावी, असे विश्लेषणातून दिसले. प्रयोगशाळेत कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, ठेवायला शिकलेल्या माणसालाच अशी मांडणी सुचते.

२०११ मध्ये दोन गोष्टी घडल्या. पदवीच्या जीवशास्त्रासाठी पाच गाभ्याच्या संकल्पना आणि सहा क्षमता ठरवणारा राष्ट्रीय आराखडा आला. त्याचा गवगवा झाला, तितका दुसऱ्या गोष्टीचा झाला नाही. देशभरातून यादृच्छिक निवडलेल्या ३३ प्रास्ताविक अभ्यासक्रमांच्या पाहणीत, वर्गात सक्रिय अध्ययन (नुसते ऐकण्याऐवजी प्रश्न सोडवत, चर्चा करत शिकणे) किती होते आणि मुले नैसर्गिक निवड किती शिकली यांचा संबंधच आढळला नाही. सक्रिय अध्ययनच निरुपयोगी, असे यावरून कुणी म्हणेल. लेखकांचे स्पष्टीकरण वेगळे होते : आधीच्या यशस्वी वर्गांत शिकवणाऱ्यांना शिक्षणसंशोधनाची जाण होती, इथे ती बहुतेकांना नव्हती. हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. क्लिकर विकत घेता येतो, प्रश्न कुठला विचारायचा ते नाही.

२०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातल्या २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले. नापासांचे प्रमाण निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के, सक्रिय अध्ययनाच्या वर्गांत सुमारे २२. औषधाच्या चाचणीत असा फरक दिसता तर ती मध्येच थांबवून सर्वांना औषध दिले गेले असते, असा मुद्दा लेखकांनी मांडला. २०२० च्या विश्लेषणात सक्रिय अध्ययनाच्या वर्गांत वंचित गटांतल्या आणि इतर विद्यार्थ्यांमधली परीक्षेच्या गुणांची दरी सुमारे एक तृतीयांशाने आक्रसलेली दिसली.

आता काही जीवशास्त्र विभागांत थेट शिक्षणसंशोधनातच पीएच.डी. करता येते, आणि नेमणुकीच्या जाहिरातीतही तो विषय नावानिशी असतो. बढतीच्या अर्जात मात्र बऱ्याच ठिकाणी अजून तेच जुने तीन रकाने आहेत : संशोधन, अध्यापन, सेवा.