हुरड्याची आगटी आणि जंगलातला विस्तव

मराठवाड्यात उघड्यावर विस्तव करायची रीत घडली ती शेतात, जंगलात नव्हे. पौषात रब्बी ज्वारी हुरड्यात आली की रानात वीतभर खड्डा खणून आगटी पेटवतात. पेट धरायला तुराट्या, पऱ्हाट्या. खरं काम गोवऱ्यांचं. गोवरी भडकत नाही, धुमसत राहते, आणि हुरड्याला जाळ नकोच असतो. कणसं फुफाट्यात खुपसायची असतात. शेजारी उभं पीक, पलीकडे कडब्याची गंजी, त्यामुळे ठिणगी उडून चालणार नाही. खड्ड्यात वारा कमी लागतो, ऊब आत कोंडते आणि जळणही पुरतं. झाडी विरळ असलेल्या मुलखाला ही काटकसर परवडणारी होती. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांची तीन दगडांची चूलही अशीच आटोपशीर.

ओंडके रचून भोवती गाणी म्हणायचा कॅम्पफायर मात्र वेगळ्या वाटेने आला. बेडन-पॉवेल यांनी 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर मुलांचं शिबिर घेतलं, तिथून स्काउट चळवळ सुरू झाली, आणि पुढे शाळांच्या शिबिरांतून शेकोटीचा कार्यक्रम आपल्याकडे रुळला. पण ती ओलसर हवेच्या देशातली शेकोटी. आपल्याकडे फेब्रुवारीत किनवटच्या सागवनात पाचोळ्याचा थर साचलेला असतो आणि पुढचे चार महिने पाऊस नसतो. तिथे पुरुषभर उंच जाळ म्हणजे, स्पष्टच सांगायचं तर, आचरटपणा. उंच जाळाची बरीचशी ऊब आभाळातच जाते, शेकणाऱ्याची पाठ गारच राहते.

कायद्याची बाजूही आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम 26 राखीव वनात ठरवून दिलेल्या हंगामाखेरीज विस्तव पेटवायला, बाळगायला, इतकंच काय, सोबत न्यायलाही मनाई करतं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हा कायदा इथे नंतर लागू झाला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने अभयारण्यांसाठी कलम 30 मध्ये अशीच तरतूद केली. म्हणजे 1986 मध्ये अभयारण्य झालेल्या गौताळ्यात चूल मांडायची तर आधी वनखात्याला विचारायलाच हवं.

शेतातली एक सवय मात्र जंगलात अंगाशी येते. काडेपेटी जपून वापरायच्या काळात रात्री निखाऱ्यांवर राख ओढून विस्तव राखत. सकाळी राख सारली की खाली इंगळ जिवंत. शेकोटीवर माती लोटून उठणारा माणूस नकळत तेच करतो. वरून थंड दिसणारी शेकोटी आत तासन् तास धगधगते, आणि मुळाला लागलेली धग जमिनीखालून सरकते. म्हणून पाणी ओतायचं, काठीने उकरायचं, पुन्हा ओतायचं, आणि राखेत उघडा हात घालता येईल इतकी ती गार होईतो तिथून हलायचं नाही. एवढं पाणी जवळ नसेल तर विस्तव करायचाच नाही, भाकरी घरून बांधून न्यावी.