रायफलीच्या लाकडाला कोणतं जवस तेल: कच्चं की ‘बॉइल्ड’?

लष्कराने मोडीत काढलेली ली-एनफील्ड, म्हणजे ब्रिटिश सैन्याची जुनी .303 रायफल, घ्यायची आणि तिचं लाकूड नीट करायचं, हा ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेतल्या हौशी लोकांचा जुना छंद आहे. (भारतात .303 हा निषिद्ध बोअर, म्हणजे नळीचं माप, त्यामुळे इथे तो सर्वसामान्यांच्या आवाक्यात नाही.) घोळ होतो तो तेल घेताना. दोन्ही डब्यांवर जवसाचं तेल असंच लिहिलेलं, रंगही जवळपास सारखा. एकावर ‘रॉ’, दुसऱ्यावर ‘बॉइल्ड’.

नावावर जाऊ नका. आजचं ‘बॉइल्ड’ तेल सहसा उकळलेलं नसतं. कच्च्या तेलात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार मिसळतात, त्यांना ड्रायर म्हणतात. पूर्वी शिशाचे क्षार घालून तेल खरोखर तापवत, ते नाव चिकटून राहिलं. जवस तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. ड्रायर ते काम भराभर उरकतात. पातळ हात दिला तर बॉइल्ड साधारण एका दिवसात वाळतं. कच्च्याला कित्येक दिवस लागतात, दमट हवेत त्याहूनही जास्त.

ब्रिटिश सैन्यात लाकडाला कच्चं तेलच चोळत. आपल्याकडे नवी बॅट खेळायला काढण्याआधी तिला जे तेल पाजतात, तेही हेच. सावकाश वाळतं म्हणून त्याला लाकडात उतरायला वेळ मिळतो. फोरएंडच्या (नळीखालच्या पुढच्या लाकडाच्या) आतल्या बाजूला आणि बटच्या (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या) उघड्या टोकाला कच्चंच द्यावं, असं आमचं ठाम मत आहे. बाहेरून लवकर हात फिरवता यायला हवा असेल तर बॉइल्ड चालेल.

आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करून लाकूड वेगळं करा. त्यात मुरलेलं जुनं ग्रीस निघालं नाही, तर कोणतंच तेल आत जाणार नाही. खडूची पूड मिनरल स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायच्या द्रावकात) कालवून तिचा लेप द्या, वाळला की झाडून टाका. पूड पिवळी-तपकिरी निघतेय तोवर पुन्हा लावा. पोचे असतील तिथे ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा; वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. पॉलिशपेपर शक्यतो नको. त्याने शिक्के पुसले जातात, आणि फोरएंडमध्ये रिसीव्हर (नळीमागचा, बोल्ट बसतो तो धातूचा भाग) टेकतो त्या जागा घासल्या तर बसणी ढिली पडून नेम बिघडतो.

पहिला हात निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन असा. पुढचे हात नुसत्या तेलाचे, तळहाताने लाकूड कोमट होईपर्यंत चोळून. वीस मिनिटांनी जे वर उरलं असेल ते सगळं पुसून काढा. इथेच बहुतेकांचं चुकतं. बॉइल्डचा जाड थर राहिला की वरून साय धरते, आत ओलं राहतं आणि पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात. कच्चं राहिलं तर आठवडेच्या आठवडे बोटाला चिकटतं. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या खरखरीत कापडाने घासलं की दोन्ही निघतात. नळीच्या खाचेत तेल साचू देऊ नका. ते तिथेच घट्ट होतं आणि नळीला नको तिथे टेकतं.

दोन्ही तेलांचं पाणी अडवण्याचं बळ बेताचंच. दमट जागी ठेवलेल्या लाकडावर बुरशीही येते, म्हणून पावसात भिजलेलं लाकूड पुसून, वाळवून मग पुन्हा हात द्यावा.

डब्यावरचं लेबल गेलं असेल तर काचेच्या तुकड्यावर दोन्हींचा एकेक पातळ पट्टा ओढून ठेवा. दुसऱ्या दिवशी बोट लावून पाहा: कोरडा झालेला बॉइल्ड, ओला राहिलेला कच्चा.

वापरलेल्या चिंध्यांचा मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, ती बोळ्यात कोंडते आणि कापूस आपोआप पेट घेऊ शकतो. बॉइल्डमध्ये हे लवकर घडतं, पण कच्चंही निर्धोक नाही. प्रत्येक चिंधी बाहेर मोकळ्यावर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.