हिरोचा क्लास: मॅपवरून अकाउंटवर

फँटसी स्ट्रॅटेजी गेममधे हिरो, म्हणजे सैन्याचा म्होरक्या, कुठला घ्यायचा हा प्रश्न हल्लीच्या पोरांना दोन टप्प्यांत पडतो. आधी आपल्या अकाउंटला काय काय उघडलंय ते बघायचं, मग त्यातला एक निवडायचा. ज्यांनी सीडीवरून गेम टाकले त्यांना हे पटत नाही, त्यांच्या मते हिरो आणि त्याचा क्लास त्या त्या मॅपवरच मिळायला हवा, अकाउंटवर नाही, आणि ठाण्यात चार जुने खेळाडू भेटले की वाद इथेच येऊन अडतो. हा वाद कुठून आला एवढंच इथे सांगायचंय.

लढवय्या, जादूगार, धर्मगुरू हे तीन क्लास, म्हणजे हिरोचे प्रकार, 1974 च्या टेबलावर खेळायच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधून आले हे सगळ्यांना माहीतच आहे, त्यात जात नाही. 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक' या कॉम्प्युटरवरच्या स्ट्रॅटेजी मालिकेचा पहिला भाग 1995 चा, त्यात चार क्लास होते, नाइट, बार्बेरियन, सॉर्सरेस आणि वॉरलॉक, दुसऱ्यात 1996 ला नेक्रोमॅन्सर आणि विझार्ड वाढले. आपल्याकडे खरं वेड लागलं ते तिसऱ्या भागाचं, 1999 चा.

तिसऱ्यात आठ शहरं, प्रत्येकाला दोन क्लास, एक तलवारीचा एक जादूचा, म्हणजे सोळा. त्याच वर्षी आलेल्या एक्सपान्शनने, म्हणजे गेमच्या पुरवणीने, अजून एक शहर आणून अठरा केले. टॅव्हर्नमधे, म्हणजे शहरातल्या गुत्त्यात, जायचं, 2500 सोनं टाकायचं, समोर दोन हिरो दिसतायत त्यातला एक उचलायचा, आठवडा बदलला की टॅव्हर्नमधली तोंडं बदलायची. आधी काही मिळवून ठेवायची भानगड नाही, सोनं असलं की हिरो तुमचा. कॅम्पेनमधले, म्हणजे गोष्टीच्या मॅपांमधले, थोडे खास हिरो साध्या मॅपवर यायचे नाहीत, पण मॅप एडिटरमधे टिक केलं की तेही यायचे.

उघडायचं जे काय ते लेव्हल वाढताना. दर लेव्हलला गेम दोन स्किल पुढे करायचा, एक घ्यायचं एक सोडायचं, आणि जागा फक्त आठ. बार्बेरियनला नवव्या लेव्हलपर्यंत दरवेळी 55 टक्के चान्स अटॅक वाढायचा, जादूच्या दोन्ही गोष्टींना पाच पाच टक्के. म्हणजे क्लास निवडला की पुढची चिठ्ठी कशी निघणार त्याचं वजन ठरलं, पण चिठ्ठी शेवटी चिठ्ठीच. विझडम, म्हणजे मोठी जादू शिकायला लागणारं स्किल, मात्र गेम फार काळ दाबून ठेवायचा नाही, जादूवाल्याला दर तीन लेव्हलला एकदा तरी समोर यायचं आणि तलवारवाल्याला सहाला. नेक्रोमन्सी, म्हणजे मेलेल्यांना उठवायचं स्किल, मात्र नेक्रोपोलिस या मुडद्यांच्या शहराच्याच दोन क्लासना, बाकीच्यांनी लेव्हल कितीही वाढवली तरी स्वप्नातही नाही.

हे ठाण्यात नौपाड्यातल्या घरांना फिट्ट बसायचं कारण कॉम्प्युटर एकच. हॉटसीटवर तिघं खेळायचे, ज्याचा टर्न नाही त्याने गॅलरीत जाऊन उभं राहायचं म्हणजे मॅप दिसायला नको, आणि आतून "नको रे ईगल आय घेऊस" असं कोणीतरी ओरडलं की बाहेरच्याला कळायचं की ह्याला दोन्ही स्किल टाकाऊ आलेत. तिघांचीही सुरुवात सारखी. कोणी मे महिनाभर घरी बसून सराव केला असेल तर त्याचा हात बसलेला असायचा एवढंच, हिरो जास्त नसायचे.

सायबर कॅफेत गोष्ट अजून पुढची. तासाला वीस-तीस रुपये, आणि वाशी सेक्टर 17 असो नाहीतर ठाणे स्टेशनच्या आसपास, बऱ्याच मालकांनी असं सॉफ्टवेअर टाकलेलं असायचं की मशीन रिस्टार्ट झालं की सगळं पुसून जसंच्या तसं. सेव्ह केलेला गेम उद्या मिळेल याची खात्री नाही. तिथे 'वॉरक्राफ्ट 3' चालायचा, 2002 चा, आणि त्याचंही गणित मॅचच्या आतच संपायचं. ऑल्टर बांधा, पहिला हिरो घ्या, मुख्य इमारत दुसऱ्या टप्प्यावर नेली की दुसरा, तिसऱ्यावर नेली की तिसरा. अल्टिमेट, म्हणजे हिरोची सगळ्यात मोठी ताकद, सहाव्या लेव्हलला. 2003 च्या एक्सपान्शनने प्रत्येक जमातीला चौथा हिरो आणि मॅपवर सगळ्यांसाठी टॅव्हर्न दिलं. त्याच्यावरच बनलेल्या 'डोटा' मॅपमधे तर सगळे हिरो पहिल्या मिनिटापासून खुले, अख्खा कॅफे त्यावर पोसला गेला.

हिरोजचा चौथा भाग पण 2002 चाच. त्याला लोक नाक मुरडतात पण क्लासच्या बाबतीत तो सगळ्यात धाडसी होता असं माझं मत. सुरुवातीचे क्लास अकराच, पण दोन वेगळ्या स्किल पुरेशा वाढवल्या की गेम आपोआप हिरोचा क्लास बदलायचा, असे वरचे क्लास सदतीस. निवड करताना हा वरचा क्लास दिसायचाच नाही, तुम्ही जे शिकत गेलात त्यावरून पडायचा. नंतर 2003 मधे प्रकाशक बुडाला, हक्क दुसरीकडे गेले, आणि 2006 च्या पाचव्या भागात परत शहरागणिक एक क्लास. त्यात एक अल्टिमेट स्किल होतं, तिथपर्यंत जायचा रस्ता ठरलेला, मधे एक स्किल वाकडं घेतलं की दार बंद. पण तो रस्ताही त्याच मॅपवर सुरू होऊन तिथेच संपायचा.

आता 2011, म्हणजे सहावा भाग. भांडण सगळं याच्यावरच आहे.

यात तीन बदल एकदम झाले आणि लोक ते एकत्र कालवून भांडतात म्हणून वेगळे सांगतो. एक, स्किलची चिठ्ठी गेली, पॉइंट मिळाला की यादीतून हवं ते घ्या. दोन, रक्त आणि अश्रू असे दोन रस्ते आले, पळणाऱ्या सैन्याचा पाठलाग करून कापलं तर रक्त, सोडून दिलं तर अश्रू, आणि ज्याचं पारडं जड त्याप्रमाणे वरचा क्लास उघडायचा. हा दुसरा बदल मला चांगला वाटतो, कारण क्लास तुमच्या वागण्यातून येतो, आणि चौथ्याची थोडी आठवण त्यात आहे. तिसरा म्हणजे डायनॅस्टी. तुम्ही एक घराणं चालवायचं, त्यातले हिरो, त्यांची शस्त्रं, त्यांचे गुण एका मॅपवरून दुसऱ्या मॅपवर बरोबर न्यायचे, शस्त्राची स्वतःची लेव्हल वाढायची. आणि हे सगळं प्रकाशकाच्या ऑनलाइन अकाउंटला बांधलेलं, ऑफलाइन खेळलात की घराण्याची कमाई दाराबाहेर.

बाजू घेणारे म्हणतात की यात वाईट काय, शंभर तास घातले तर काहीतरी हातात राहायला नको का, आणि एकट्याने खेळणाऱ्याला मॅप संपल्यावर परत शून्यावर यायचा कंटाळा येतोच. मुद्दा खरा आहे. रॅंडम स्किल गेल्याने नशिबाला शिव्या द्यायचं कारणही गेलं. पण समोरासमोर बसलेल्या दोघांत एकाचं शस्त्र आधीच वाढलेलं असेल तर मग हिरो निवडण्यात उरलं काय. शिवाय 2011 चं घरगुती इंटरनेट आठवा, महिन्याचा कोटा संपला की स्पीड 256 केबीपीएसवर, घोडबंदर रोडला नवीन बिल्डिंगमधे केबलवाल्याची लाइन, पाऊस पडला की गेली. एकट्याने खेळायचा गेम, मित्र शेजारच्या खुर्चीत, आणि हिरोचं घराणं परदेशातल्या सर्व्हरवर. जगभर तक्रारी झाल्या त्या झाल्याच, इकडे तर लोकांनी गुपचूप तिसरा भाग परत टाकला.

गेम वाईट होता असं नाही. चित्रं, संगीत सुरेख होतं. पण क्लास उघडायची जागा मॅपवरून उठून अकाउंटवर गेली ती या मालिकेत इथे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मालिकेबाहेर ते आधीच चालू होतं, 'लीग ऑफ लेजंड्स'मधे 2009 पासून हिरो खेळून नाहीतर पैसे देऊन घ्यावे लागायचे आणि बाकी दर आठवड्याला मोजके फुकट. 'डोटा 2' ने 2013 ला उलट केलं, सगळे खुले, पैसे फक्त कपड्यांचे.

मोबाइलवर मग प्रश्नच मिटला. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' 2012 ला आला, किंग नावाचा हिरो मिळायला टाउन हॉल, म्हणजे मुख्य इमारत, सातव्या लेव्हलचा, वॉर्डन नावाच्या हिरोला अकराव्या, आणि अपग्रेडला टाकला की हिरो दिवसेंदिवस झोपलेला असायचा, त्याच्याशिवाय वॉर लढायचं. 2016 ला डेटा स्वस्त झाल्यावर ठाणे-वाशी लोकलमधे उभ्या उभ्या हिरो वाढवणारे दिसायला लागले. ज्यांची सुरुवातच इथून झाली त्यांना उघडण्यासाठी थांबणं हा खेळाचाच भाग वाटतो, त्यात त्यांची चूक नाही. 2024 च्या शेवटी तिथे हिरो हॉल ही हिरोंची इमारत आली, हिरो पाच झाले आणि हल्ल्याला न्यायचे चारच, म्हणजे उघडून झाल्यावर परत निवडायचं आलंच.

2011 च्याच डिसेंबरात तिसऱ्या भागावर चाहत्यांनी बनवलेलं फुकट एक्सपान्शन आलं, दर्यावर्दी शहर, कॅप्टन आणि नेव्हिगेटर असे दोन नवे क्लास. अकाउंट नाही, घराणं नाही, टॅव्हर्नमधे 2500 टाका. ठाण्यातले जे जुने अजून खेळतात ते बहुतेक हेच खेळतात, आणि आता वाद घालतात तो कॅप्टन जास्त पॉवरफुल आहे का यावर.