नट घट्ट, तरी गळती

मागच्या उजव्या चाकाच्या जागेखाली मी रात्री एक पुठ्ठा सरकवून ठेवला होता. ब्रेकच्या पेडल आणि सीटच्या मध्ये लाकडी फळी अडकवून पेडल रात्रभर दाबलेलं राहील अशी सोय केली होती. सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढा ओला डाग होता.

डाग कशाचा, हे आधी ठरवावं लागतं. इंजिनात ऑइल असतं, गिअरबॉक्समध्ये असतं, मागच्या डिफरन्शियलमध्येही असतं. वाटीत पाणी घेऊन बोटावरचा थेंब त्यात सोडला. तेल असतं तर वर तवंग धरला असता. हा थेंब पाण्यात मिसळून गेला, म्हणजे ब्रेक ऑइल.

आपल्याकडे गॅरेजमध्ये सगळे ब्रेक ऑइलच म्हणतात, पण ते तेल नाहीच. ते ग्लायकॉल ईथर जातीचं रसायन आहे आणि त्याला पाण्याची भारी ओढ. हवेतली वाफसुद्धा ते हळूहळू ओढून घेतं. डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की १५५ अंश टिकला तरी पुरे, असं मानक सांगतं. घाटात सतत ब्रेक लावून कॅलिपर, म्हणजे चाकापाशी ब्रेक आवळणारा चिमटा, तापला, की या फरकाला किंमत येते. म्हणून सहा महिन्यांपूर्वी फोडलेल्या बाटलीतलं उरलेलं ऑइल ब्रेकमध्ये घालू नये. त्यात खरं खनिज तेल चुकून गेलं, तर सिलिंडरमधली रबरं फुगतात. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं, तर रंग पोपडे धरून सुटतो. मात्र पाण्याशी असलेली जवळीक इथे कामी येते. मी आधी चॅसिसची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, नळी साध्या पाण्याने भरपूर धुतली, आणि रंग वाचला.

आमची ही किट कार आहे, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडलेली गाडी. मी राहतो त्या इंग्लंडमध्ये हा छंद जुना आहे. लोटस कंपनीची सेव्हन ही गाडी १९५७ साली आली, तेव्हा तिथे तयार गाडीवर खरेदी कर द्यावा लागे, सुट्या भागांवर नसे. त्यामुळे लोक भाग आणून स्वतः गाडी उभी करायचे. १९७३ मध्ये त्या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. कराचं ते कारण पुढे उरलं नाही, छंद मात्र टिकला. या गाड्या जेमतेम अर्ध्या टनाच्या असतात आणि बऱ्याचदा त्यांचे अवयव वेगवेगळ्या गाड्यांतून येतात. आमच्या गाडीत मागची चाकं, कॅलिपर आणि त्यांचे रबरी होज एका जपानी गाडीचे आहेत, मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर नळ्यांत दाब देणारा मुख्य सिलिंडर, जुन्या ब्रिटिश गाडीचा. गळतीचं मूळ याच सरमिसळीत होतं, पण ते कळायला मला दोन दिवस लागले.

ब्रेकच्या नळ्यांत दाब किती असतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. पायाने ३० किलोचा जोर दिला असं धरू. पेडलची तरफ पाचपट असेल, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १५० किलो पडतात. तो दट्ट्या १९ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे क्षेत्रफळ साधारण २.८४ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की दर चौरस सेंटिमीटरला ५२ किलोंहून जास्त दाब येतो. कारच्या टायरमध्ये जेमतेम दोन-सव्वादोन असतो. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा ब्लेझ पास्कलचा नियम. त्यामुळे कॅलिपरचा ५४ मिलिमीटरचा दट्ट्या त्याच दाबाने बाराशे किलोंच्या जोराने पुढे ढकलला जातो. आणि त्याच नियमाने तेवढाच दाब वाटेतल्या प्रत्येक जोडावरही येतो. जोडाला केसाएवढी फट असेल, तर द्रव ती शोधतोच.

१९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीला चारही चाकांना हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे, ब्रेक होते. असे ब्रेक बनवणाऱ्या माल्कम लॉकहीडच्या सुरुवातीच्या रचनेत कातड्याचे सील होते आणि ते गळायचे. क्रायसलरच्या इंजिनिअरांनी रबरी कप वापरून तो त्रास काढला. सिलिंडरच्या आतलं गळणं त्यामुळे आटोक्यात आलं. नळ्यांच्या जोडांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे रबर नसतंच.

गळती नेमकी कुठून, हे पाहायला साधी टाल्कम पावडर पुरते. सगळे जोड फडक्याने कोरडे पुसले, वर पावडर भुरभुरली आणि पेडल दाबून धरलं. दहा मिनिटांत धातूची नळी रबरी होजला मिळते तिथे, नटाच्या मागच्या बाजूला, पावडर करडी पडायला लागली. पहिल्या दिवशी मी कोणीही करेल तेच केलं. पाना लावून नट अजून पाव फेरा आवळला. गळती जशीच्या तशी.

माझी समजूत इथेच चुकत होती. पाण्याच्या नळाला आपण आट्यांवर टेप गुंडाळतो, कारण तिथे पाणी आट्यांपाशीच अडवायचं असतं. ब्रेकच्या जोडात आट्यांचा गळती थांबवण्याशी काहीही संबंध नाही. नळीचं टोक फुलासारखं उमलवून दुहेरी दुमडलेलं असतं, त्याला फ्लेअर म्हणतात. ते समोरच्या शंकूवर टेकतं आणि नट मागून रेटून ते शंकूवर दाबतो. धातू धातूवर गोल कड्यासारखा चिकटतो, आणि द्रव अडतो तो त्या कड्यापाशी. आटे फक्त दाबाचं काम करतात. म्हणून ब्रेकच्या जोडाला टेप कधीही लावू नये. ती गळती थांबवत नाहीच, वर तिचे तुकडे आत जाऊन वाट बुजवू शकतात.

नट सोडवून नळीचं तोंड दिव्याखाली धरलं. शंकूवर नीट टेकलेल्या फ्लेअरच्या आत चकचकीत गोल कडी उमटते. आमच्या नळीवर ती अर्ध्याच भागात होती, बाकी तोंड मळकट. म्हणजे नट एवढा आवळूनही फ्लेअर शंकूवर पुरतं टेकलंच नव्हतं. मग हाताला जाणवणारा तो घट्टपणा कशाचा होता?

नटाचे आटे पाहिल्यावर उत्तर मिळालं. त्यांचे माथे घासले गेले होते आणि जस्ताच्या मुलाम्याखालचं लोखंड उघडं पडलं होतं. आटे मोजायची दातेरी पट्टी लावली. तो नट इंचातला निघाला, तीन-अष्टमांश इंच व्यासाचा, इंचाला २४ आटे. होजचं तोंड मिलिमीटरमधलं होतं, १० मिलिमीटर व्यास आणि १ मिलिमीटर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. तीन-अष्टमांश इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर, आणि त्याची पिच १.०६ मिलिमीटर. डोळ्यांनी हा फरक दिसत नाही. हा नट त्या भोकात बोटाने सहज फिरतो, थोडा डुगडुगतो, एवढंच. पण दर आट्याला सहा शतांश मिलिमीटरची चूक साठत जाते. पाच आटे आत गेले की ती पाव मिलिमीटरच्या पुढे जाते, आणि मग आटे आट्यांतच अडकून बसतात. पान्याला वाटतं, नट बसला. प्रत्यक्षात फ्लेअरवर पुरेसा जोर पोचलेलाच नसतो. आणखी आवळणं म्हणजे आटे खाणं. मास्टर सिलिंडरशी जुळणारे नट असलेल्या तयार नळ्या मी मागच्या बाजूलाही तशाच जोडल्या होत्या, दोन्ही टोकं न तपासता.

डावीकडचा जोड उघडला, तर तिथेही तोच नट होता. आणि तो गळत नव्हता. मला त्याचीच जास्त भीती वाटली. अर्धवट धरलेल्या आट्यांवर तो जोड कसाबसा टिकून होता, आणि एखाद्या दिवशी जोरात ब्रेक दाबल्यावर सुटला असता.

दोन्ही होज टाकून दिले, कारण त्यांचेही आटे दुखावले होते. नळी पाऊण सेंटिमीटर मागे काटकोनात कापली, आतली बुरी, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, काढली, फुंकर मारून कीस उडवला. कापणी तिरकी झाली तर फ्लेअर एका बाजूला झुकतं. त्यानंतर मिलिमीटरमधला योग्य नट नळीवर चढवला. ही पायरी फ्लेअर करण्याआधीचीच आहे, टोक उमलल्यावर नट चढत नाही. नळी तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूची, पावणेपाच मिलिमीटर व्यासाची. ती मऊ असते, टोक एका दमात सावकाश दाबलं की चिरत नाही. नवा जोड मी आवळला, सैल केला, परत आवळला, असं तीनदा, म्हणजे दोन्ही धातूंचे बारीक उंचवटे एकमेकांवर बसतात.

होज कॅलिपरला जोडणाऱ्या बोल्टला तांब्याचे वायसर असतात. एकदा दाबलं गेलेलं तांबं कडक होतं आणि पुन्हा नीट बसत नाही. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकून कडक झालं की ते पुन्हा भट्टीत तापवून मऊ करतात, तीच ही गोष्ट. नवीन वायसर स्वस्त असतात, मी नवीनच लावले.

राहिली हवा. नळी उघडली की हवा शिरतेच. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, पण हवा दाबली जाते. साध्या दाबाची एक घन सेंटिमीटर हवा ५२ किलोंच्या दाबाखाली जवळपास नाहीशी होते. तेवढी जागा भरायला मास्टर सिलिंडरचा दट्ट्या साडेतीन मिलिमीटर जास्त सरकतो, आणि पेडल पाचपट, म्हणजे सतरा-अठरा मिलिमीटर. चमचाभराहूनही कमी हवा पायाखाली स्पंज घातल्यासारखी जाणवते.

लेक सीटवर बसली, मी चाकापाशी.

"बाबा, दाबू?"

"दाब. जोरात नको."

"दाबलं. धरलंय."

मी निपल, म्हणजे कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू, पाव फेरा सोडला. पारदर्शक नळीतून ऑइल आलं, त्यात साबुदाण्याएवढे बुडबुडे.

"खाली गेलं! सोडू?"

"थांब, मी बंद करतो आधी. हं, आता सोड."

निपल बंद होण्याआधी पेडल वर आलं, तर काढलेली हवा उलट आत ओढली जाते. म्हणून हा संवाद प्रत्येक वेळी असाच पुरा व्हावा लागतो. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची आणि वरची टाकी कधी रिकामी होऊ द्यायची नाही. निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे ना, हेही पाहायचं. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली येतो, आणि बुडबुडे वरच अडकून राहतात. नव्याने बांधलेल्या गाडीत ही चूक होते.

अकराव्या-बाराव्या खेपेला बुडबुडे थांबले. पेडल दगडासारखं घट्ट झालं. टाकीवर ऑइलच्या पातळीला मार्करने रेघ मारली, जोडांवर परत पावडर टाकली, फळी अडकवली, खाली नवा पुठ्ठा सरकवला.

सकाळी लेक माझ्याआधी गॅरेजमध्ये गेली होती. टॉर्च धरून खाली वाकली होती. "पांढरीच आहे, बाबा. दोन्हीकडे." टाकीतली पातळी रेघेवरच होती.