लिनक्सवरचं गेमिंग

लिनक्सवरचं गेमिंग म्हणजे लिनक्ससारख्या ओपन सोर्स, म्हणजे जिचा कोड सगळ्यांना खुला आहे अशा, ऑपरेटिंग सिस्टिमवर व्हिडिओ गेम विकत घेणं, इन्स्टॉल करणं आणि खेळणं. बीएसडी वगैरे भावंडांवरही लोक खेळतात पण ते मूठभर, म्हणून इथे लिनक्सचंच बोलू. पंधरा वर्षांपूर्वी कोणी 'लिनक्सवर गेम चालतात का' असं विचारलं की लोक हसायचे, नाहीतर बर्फावरून घसरणारा पेंग्विन दाखवायचे, म्हणजे टक्स रेसर नावाचा गेम. आज स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातले बहुतेक एकट्याने खेळायचे गेम फारसा खटाटोप न करता चालतात, आणि जी मोठी नावं चालत नाहीत त्यातल्या बऱ्याच ठिकाणी अडचण तंत्राची नसते, कंपनीने दार लावून घेतलेलं असतं. हा फरक डोक्यात ठेवला की बाकीचं प्रकरण सोपं जातं.

जुना काळ

लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, १९९१ चा, आणि १९९४ मध्येच आयडी सॉफ्टवेअरच्या डेव्ह टेलरने डूम त्यावर आणला होता. पुढे डिसेंबर १९९७ मध्ये आयडीने डूमचा सोर्स कोड खुला केला तेव्हा लोकांच्या हाती दिला तो लिनक्स आवृत्तीचाच, कारण डॉसवाल्या आवृत्तीतली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती. म्हणजे सुरुवात काही वाईट नव्हती.

पैसे देऊन गेम घ्यायचा पहिला गंभीर प्रयत्न लोकी सॉफ्टवेअरचा. स्कॉट ड्रेकरने १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली, विंडोजवर गाजलेल्या गेमचे हक्क घ्यायचे, लिनक्ससाठी पोर्ट करायचे, म्हणजे लिनक्सवर चालतील असे बदलायचे, आणि खोक्यात घालून विकायचे असा धंदा. सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर, सिमसिटी ३०००, हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३ असे गेम त्यांनी आणले, क्वेक ३ तर पत्र्याच्या डब्यात विकला. घोडं अडलं ते साध्या गोष्टीवर. विंडोजची आवृत्ती आधी यायची, लिनक्सची मागून कधीतरी, आणि ज्याच्याकडे लिनक्स आहे त्याच्याकडे ड्युअल बूटमध्ये, म्हणजे एकाच मशीनवर शेजारी, विंडोजही असायचंच, मग तो थांबणार कशाला, त्याने आधीच घेतलेला असायचा. ऑगस्ट २००१ मध्ये दिवाळखोरी आणि जानेवारी २००२ मध्ये कुलूप. पण लोकी गेली तरी तिथला सॅम लँटिंगा याची एसडीएल नावाची लायब्ररी राहिली, जी कीबोर्ड, जॉयस्टिक, आवाज, खिडकी हे सगळं कुठल्याही सिस्टिमवर एकाच पद्धतीने हाताळते, आणि आजही असंख्य गेमच्या पोटात तीच आहे. ओपनएएल हे आवाजाचं काम पण लोकीतूनच आलेलं. कंपनी बुडाली आणि तिची हत्यारं मात्र सगळ्यांच्या कामाला आली, असं फार थोड्या कंपन्यांबद्दल म्हणता येईल.

मधल्या काळात लोक चकटफू ओपन सोर्स गेमवर राहिले. फ्रीसिव्ह, बॅटल फॉर वेसनॉथ, सुपरटक्सकार्ट, झोनॉटिक, ० ए.डी., ओपनटीटीडी. यातले काही खरंच उत्तम आहेत, वेसनॉथमध्ये रात्री कशा सरतात कळत नाही. पण चुलतभाऊ जीटीए व्हाइस सिटी खेळतोय आणि आपण पेंग्विनच्या गाडीत, याचं दुःख ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. आपल्याकडे त्या काळी लिनक्स यायचं ते पीसीक्वेस्टसारख्या मासिकाच्या सीडीवरून, किंवा कॅनॉनिकल कंपनी उबंटूच्या सीडी जगभर फुकट पोस्टाने पाठवायची त्यातून. सीडी यायची, कौतुकाने टाकली जायची आणि गेम खेळायचा म्हटला की परत विंडोज, तेही बहुधा पायरेटेड.

यावर उपाय म्हणून वाइन होतंच. १९९३ पासून चालू असलेला हा प्रकल्प विंडोजच्या प्रोग्रॅमला लिनक्सवर चालवतो, आणि त्याची १.० आवृत्ती यायला जून २००८ उजाडला, पंधरा वर्षं! ट्रान्सगेमिंग कंपनीने त्यातूनच गेमसाठी सेडेगा काढलं, वर्गणी भरून वापरायचं. एखादा गेम चालला तर दिवाळी, नाहीतर काळी स्क्रीन.

पैसे कोण देतं

'लिनक्सवाले फुकटे, ते गेम विकत घेणार नाहीत' असं उद्योगात सर्रास बोललं जायचं. मे २०१० मध्ये पहिला हंबल इंडी बंडल, म्हणजे छोट्या स्टुडिओंच्या गेमचं गाठोडं, आला, त्यात वर्ल्ड ऑफ गू, अॅक्वेरिया, गिश असे गेम होते, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारे, आणि किंमत ज्याने त्याने आपल्या मनाने द्यायची. तेव्हा लिनक्सवाल्यांनी सरासरी विंडोजवाल्यांपेक्षा जास्त पैसे दिले. एकूण बारा लाख डॉलरच्या वर जमले आणि त्यातल्या चार गेमचा सोर्स कोडही नंतर खुला झाला. माणसं पैसे द्यायला तयार होती, दुकानच नव्हतं, हे तेव्हा उघड झालं.

दुकान आलं ते व्हॉल्व्हचं, म्हणजे स्टीम चालवणाऱ्या कंपनीचं. २०१२ मध्ये तिचा प्रमुख गेब न्यूएल विंडोज ८ वर जाहीरपणे बरसला, कारण मायक्रोसॉफ्ट स्वतःचं अॅप स्टोअर आणत होती आणि उद्या स्टीमला दारातच अडवलं तर काय ही भीती उघड होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हॉल्व्हने सांगितलं की त्यांचा लेफ्ट फॉर डेड २ त्याच मशीनवर विंडोजमध्ये सेकंदाला सुमारे २७० फ्रेम देतो आणि लिनक्सवर ३१५. १४ फेब्रुवारी २०१३ ला लिनक्ससाठी स्टीम अधिकृतपणे आलं, जुलै २०१४ मध्ये जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानानेही लिनक्सचे गेम विकायला घेतले. फेरल इंटरॅक्टिव्हसारख्या कंपन्या मोठे गेम पोर्ट करू लागल्या. मग नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीम मशीन आल्या, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचे लिनक्सवाले गेमिंग पीसी, आणि साफ आपटल्या. महाग होत्या आणि निम्म्याहून जास्त गेम त्यावर नव्हतेच.

प्रोटॉन

आपटल्यावर व्हॉल्व्हने धडा बरोबर घेतला: स्टुडिओंच्या मागे 'पोर्ट करा हो' म्हणून फिरण्यात अर्थ नाही, विंडोजचा गेम आहे तसाच चालवा. २१ ऑगस्ट २०१८ ला प्रोटॉन जाहीर झालं. हे वाइनवरच उभं आहे, वाइनचं बरंचसं काम करणारी कोडवीव्हर्स कंपनी व्हॉल्व्हच्या सोबत होती, आणि त्यात मोलाची भर पडली ती डीएक्सव्हीकेची. फिलिप रेबोले याला निअर: ऑटोमाटा लिनक्सवर खेळायचा होता म्हणून त्याने हे लिहायला घेतलं, व्हॉल्व्हने नंतर त्याला पैसे देऊन कामाला लावलं. एका माणसाच्या हट्टातून केवढं काम उभं राहिलं बघा.

आता हे चालतं कसं. विंडोजचा गेम चित्र काढायला डायरेक्टएक्सला हाका मारतो, ते लिनक्सवर नाही. डीएक्सव्हीके त्या हाका पकडून व्हल्कनमध्ये सांगतं, व्हल्कन म्हणजे २०१६ मध्ये आलेलं खुलं ग्राफिक्स मानक, ते ड्रायव्हरला कळतं. फाइल उघडणं, आवाज, खिडक्या वगैरे बाकीच्या हाका वाइन बघतं. प्रोसेसर तोच असल्यामुळे गेमचा मूळ कोड जसाच्या तसा धावतो, त्याची नक्कल करावी लागत नाही, म्हणून वेग फारसा पडत नाही. प्रत्येक गेमला स्वतःचा एक खोटा सी ड्राइव्ह मिळतो, एकाची घाण दुसऱ्याला लागत नाही. शिवाय शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डवर चालणारे चित्राचे छोटे प्रोग्रॅम, आधीच तयार करून ठेवता येतात, त्यामुळे २०२२ मध्ये एल्डन रिंग नवीन होता तेव्हा विंडोजवर अडखळत होता आणि व्हॉल्व्हने स्टीम डेक या आपल्या हातातल्या गेमिंग पीसीवर तो त्रास बराच कमी करून दाखवला.

यातली गंमत अशी की लिनक्ससाठी खास केलेले जुने पोर्ट आज बरेचदा चालत नाहीत, कारण त्यांना लागणाऱ्या जुन्या लायब्ररी डिस्ट्रोमधून, म्हणजे उबंटूसारख्या लिनक्सच्या तयार आवृत्त्यांमधून, कधीच गेल्या, आणि त्याच गेमची विंडोज आवृत्ती प्रोटॉनमधून सुरळीत चालते. 'टक्स (लिनक्सचा पेंग्विन) नाही तर पैसे नाहीत' असं म्हणत फक्त खास लिनक्सचेच गेम घेणारे कट्टर लोक होते, त्यांना हे पचायला जड गेलं. स्टुडिओ आता पोर्ट करायचे कष्टच घेणार नाहीत ही त्यांची भीती अगदी चुकीची नाही ठरली. पण खेळणाऱ्याला गेम हवा असतो, तो कुठून आला याची वंशावळ कोण बघतो!

२०२२ च्या फेब्रुवारीत स्टीम डेक विक्रीला आला, ३९९ डॉलरपासून, हातात मावणारा, आत आर्च नावाच्या लिनक्सवर बेतलेली स्टीमओएस. आपण लिनक्स वापरतोय हे तो घेणाऱ्या कितीतरी जणांच्या गावीही नसतं. स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सचा वाटा वर्षानुवर्षं एक टक्क्याच्या आसपास घोटाळत होता, तो ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन टक्क्यांच्या वर गेला. विंडोज १० चा सपोर्ट त्याच महिन्यात संपला, आणि नोव्हेंबरात व्हॉल्व्हने नवीन स्टीम मशीन जाहीर केलं, दहा वर्षांनी दुसरा डाव.

बंद दारं

ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर असतं आणि काही गेममध्ये ते विंडोजच्या कर्नलमध्येच जाऊन बसतं, व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड तसंच. लिनक्सवर ते चालत नाही. २०२४ मध्ये लीग ऑफ लेजेंड्सलाही व्हॅनगार्ड लागलं आणि वर्षानुवर्षं वाइनवर खेळणारे एका अपडेटमध्ये बाहेर. याउलट ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या चीटिंग पकडणाऱ्या दुसऱ्या दोघांनी २०२१ मध्येच प्रोटॉनला सपोर्ट जाहीर केला होता, फक्त स्टुडिओने होकार द्यायचा. काहींनी दिला, फोर्टनाइटने दिला नाही, एपेक्स लेजेंड्सने आधी दिला आणि ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस काढून घेतला, लिनक्समधून चीटिंग होतं म्हणून. जीटीए ऑनलाइनही त्याच वर्षी गेलं. त्यामुळे मित्रांबरोबर रोज रात्री व्हॅलोरंट खेळणाऱ्याने लिनक्सवर येऊ नये, आला तर विंडोजचं पार्टिशन ठेवावं. याला जुगाड नाही.

विकत घेताना

गेम घेण्याआधी प्रोटॉनडीबी ही वेबसाइट बघायची. लोक आपापल्या मशीनचा अनुभव तिथे लिहितात आणि गेमला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ असा दर्जा मिळतो, अगदीच नाही चालला तर 'बोर्क्ड'. शंका असली तरी घ्यायला हरकत नाही कारण स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात, ही सोय लिनक्सवाल्यांनी जितकी वापरली असेल तितकी कोणी नसेल. एपिक किंवा जीओजी या दुकानांचे गेम हिरोइक लाँचर या प्रोग्रॅममधून चालतात, बाकी जुन्या-पान्या गोष्टींसाठी लुट्रिस हा तसाच प्रोग्रॅम. स्टीमवर आपण घेतो ते फक्त लायसन्स असतं, जीओजीवर इन्स्टॉलर उतरवून आपल्या हार्ड डिस्कवर ठेवता येतो आणि त्यावर डीआरएमचं, म्हणजे नक्कल रोखणारं, कुलूप नसतं, त्यामुळे ओपन सोर्सच्या मंडळींचा ओढा तिकडे.

भारतात स्टीमच्या किमती नोव्हेंबर २०१५ पासून रुपयांत दिसतात आणि आता यूपीआयने पैसे भरता येतात. सेलमध्ये एखादा जुना गेम वडापावच्या दोन प्लेटच्या भावात मिळतो तेव्हा पायरसी करायला कारणच उरत नाही. डेक मात्र व्हॉल्व्ह इथे अधिकृतपणे विकत नाही, तो येतो अमेरिकेतल्या मावसभावाच्या बॅगेतून नाहीतर ग्रे मार्केटमधून, वॉरंटी रामभरोसे. म्हणून आपल्याकडे जास्त करून जुन्या लॅपटॉपवर किंवा लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून जोडलेल्या पीसीवर काम चालतं. ग्राफिक्स कार्ड एएमडीचं असेल तर ड्रायव्हर कर्नल आणि मेसा या खुल्या ग्राफिक्स लायब्ररीत आधीच असतो, काही टाकावं लागत नाही. एनव्हिडियाचा वेगळा टाकावा लागतो, पूर्वीइतका छळत नाही आता, तरी कर्नल अपडेट केल्यावर एकदा श्वास रोखून बघावं लागतंच.

आणि विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवर पडलेले गेम तिथूनच लिनक्सवर चालवायचा मोह होतो, डाउनलोड वाचतो म्हणून. करू नका. गेम सुरूच होत नाही आणि कारणही सांगत नाही, मी यात एक अख्खा रविवार घालवलाय. एक्स्ट४ या लिनक्सच्या पद्धतीचं पार्टिशन करून गेम परत उतरवला की दहा मिनिटांत सुरू.