मळी, चिपाड आणि खानापूरचा कुजका ओंडका

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, निपाणी, अथणी पट्ट्यात उसाच्या चोथ्यापासून इंधन करणाऱ्या सूक्ष्मजीवांचा विषय निघाला, की पहिली अडचण ‘मळी’ या शब्दाचीच होते. साखर काढून घेतल्यावर उरणारा काळा, चिकट पाक ही एक मळी. रस गाळून मागे राहणारा गाळ शेतकरी ट्रॉली भरभरून रानात नेऊन टाकतो, तीही मळीच. कारखान्यात तिला प्रेसमड म्हणतात. आणि नदीत मासे मेले की पेपरात छापून येतं ते ‘मळीमिश्रित पाणी’. त्यातला खरा गुन्हेगार सहसा स्पेंटवॉश असतो, म्हणजे अल्कोहोल उकळून घेतल्यावर उरलेलं तांबूसकाळं सांडपाणी.

या तिन्ही वस्तूंवर सूक्ष्मजीव वेगवेगळं काम करतात. पाकात साखर आयती असते, ती खाऊन यीस्ट अल्कोहोल देतं. प्रेसमड कुजून खत होतं, किंवा त्यापासून गॅस मिळतो. स्पेंटवॉश मात्र लिटरभर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर निघतो. बंद टाकीत, हवेशिवाय, जिवाणू त्यातली घाण खाऊन मिथेन देतात. तोच नदीत सोडला की तिथले जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. पहाटे मासे काठाला येऊन तोंड वासतात ते त्यामुळे. ‘मळीमिश्रित’ म्हटलं की मळी बदनाम होते आणि पाणी कुणी सोडलं हा प्रश्न मागे पडतो. हा शब्द बातम्यांतून जायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुऱ्हाळांच्या काळात चिपाड, म्हणजे रस पिळून उरलेला उसाचा चोथा, वाळवून चुलाणात जायचं. कारखाने आले, ते बॉयलरला जाऊ लागलं, पुढे त्यावर वीजही झाली. २००३ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे यीस्टने दिलेलं तेच अल्कोहोल, मिसळायला सुरुवात झाली. २०१८ च्या धोरणाने उसाचा रस आणि बी-हेवी मळी (साखर पुरती न काढता ठेवलेला पाक) त्यासाठी मोकळी केली. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या धास्तीने दोन्हींवर निर्बंध आले, ते २०२४-२५ च्या हंगामासाठी उठले. अशी धरसोड असली की नजर चिपाडाकडे आणि पाचटाकडे वळणारच.

पण चिपाडातली साखर सेल्युलोजच्या, म्हणजे वनस्पतीच्या तंतूंच्या, साखळ्यांत अडकलेली, वर त्यांना कडकपणा देणाऱ्या लिग्निनचं वेष्टण. यीस्टला ते फुटत नाही, बुरशीला फुटतं. ट्रायकोडर्मा रीसी ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सैन्याचे तंबू कुजवताना सापडली. सेल्युलोज फोडणारी विकरं (एन्झाइम) आज तिच्यापासून काढतात. लिग्निन फोडणाऱ्या बुरशी वेगळ्या, आणि त्या भेटतात कुजक्या लाकडावर. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलात पडलेला ओंडका बोटाने दाबून बघा. लाकूड स्पंजासारखं दबतं, पांढरे तंतू सुटून हाताला येतात. बुरशीने लिग्निन खाल्लं, सेल्युलोज उरलं.

याच खानापूरच्या जंगलातलं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. त्याची ओळख बारापेडे गुहेतल्या दुर्मीळ वटवाघळांची. जैवविविधता कायदा मात्र २००२ पासून सूक्ष्मजीवांनाही जैविक संपत्ती मानतो. त्याच कायद्याखाली गावोगाव जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. इथल्या जांबोटी, कणकुंबी या गावांच्या नोंदवहीत झाडाझुडपांच्या शेजारी या ओंडक्यावरच्या बुरशीलाही एक पान मिळायला हवं.